‘अपात्र’ या शेऱ्यानंतर

माझा धाकटा भाऊ नंदू चाळिशीचा आहे. उजवा हात आणि उजवा पाय जन्मापासून अधू, समज लहान मुलाची. तो गावी आईबरोबर राहतो. सकाळी दूध डेअरीवर जाऊन कॅनांची झाकणं उघडून देतो, त्याबद्दल त्याला चहा मिळतो आणि कौतुक मिळतं. वडील गेल्यानंतर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा पगार (गावात सगळे त्याला पगारच म्हणतात) हा घरातला एकमेव खात्रीचा पैसा होता. तेव्हा महिन्याला १५०० रुपये. तो एक दिवस यायचा थांबला. बँकेत विचारलं तर ‘तहसीलला विचारा’, तहसीलला विचारलं तर ‘वरून बंद झालंय’.

मी दुसऱ्या गावी शाळेत शिकवते. आईला लिहिता-वाचता येत असलं तरी कचेरीच्या पायऱ्या चढणं तिला होत नाही, त्यामुळे बंद पगाराविरुद्धचं अपील मी लढले. आता ओळखीतली माणसं फाईल घेऊन घरी येतात, त्यांना जे सांगते ते इथे लिहिते आहे.

१. कारण लेखी घ्या.

‘वरून बंद’ हे कारण नव्हे. पण खिडकीवर उभं राहून वाद घातला तर त्यापलीकडे उत्तर मिळत नाही. साधा अर्ज लिहायचा: अमुक नावाच्या लाभार्थीचं अनुदान अमुक महिन्यापासून बंद आहे, ते कोणत्या कारणाने, कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या तारखेला बंद केलं ते कळवावं, आदेशाची प्रत द्यावी, आणि त्याविरुद्ध अपील कोणाकडे व किती दिवसांत करायचं तेही कळवावं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की प्रशासकीय निर्णयाची कारणं त्या निर्णयाची झळ ज्यांना बसते त्यांना द्यायची असतात. हे वाक्य अर्जात घालावं. तरीही पत्र आलं नाही तर माहिती अधिकाराचं जोडपत्र ‘अ’ भरायचं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि तीस दिवस मोजायचे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तो स्टॅम्पही लागत नाही.

आम्हाला पत्र आलं ते तीन ओळींचं. दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्याने अपात्र. एवढंच. पण मला हुरूप आला, कारण आता उत्तर कशाला द्यायचं ते कळलं होतं. आई गरीब आहे, विधवा आहे, थकली आहे, यातलं काहीही त्या पत्राचं उत्तर नव्हतं. उत्तर फक्त टक्क्यांचं होतं.

२. दार चुकू नका.

असे अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच, असं माझं मत झालं आहे. पगार बंद केला तहसीलने, म्हणून माणूस तहसीलशी भांडतो. पण टक्के ठरवतं रुग्णालयाचं बोर्ड. तहसीलदार टक्के वाढवू शकत नाहीत आणि डॉक्टर पगार चालू करू शकत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ५९ मध्ये दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राविरुद्ध अपिलाची वेगळी सोय आहे, राज्य शासनाने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे. प्रमाणपत्र बदललं की मग ते घेऊन तहसीलकडे यायचं.

मात्र तहसीलला गप्प सोडायचं नाही. तिथेही एक अर्ज टाकून ठेवायचा, की प्रमाणपत्राविरुद्ध अपील दाखल केलं आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे, निकाल लागेपर्यंत हे प्रकरण निकाली काढू नये. नाहीतर नंतर ‘तुम्ही तर हरकतच घेतली नव्हती’ असं ऐकावं लागतं.

ज्यांचा पगार उत्पन्नाच्या कारणाने थांबला त्यांचं दार आणखी निराळं. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे, म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारांच्याही आत. (एवढ्यात घर चालतं असं ज्यांनी ठरवलं त्यांना एकदा आमच्या आईची किराण्याची वही दाखवायला हवी.) उत्पन्नाचा दाखला ही लोकसेवा हक्क कायद्याखालची सेवा आहे. तो मुदतीत मिळाला नाही किंवा नाकारला, तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी साठ दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. विनाकारण अडवणूक केली असं ठरलं तर संबंधित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

३. टक्के कसे निघाले ते बघा.

नंदूचं जुनं प्रमाणपत्र हाताने लिहिलेलं होतं, ५५ टक्क्यांचं. सगळ्या दिव्यांगांना ऑनलाइन यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) सक्तीचं झालं तेव्हा तालुक्याला शिबिर भरलं, तिथे नंदूची नवी तपासणी झाली आणि कार्ड आलं ३५ टक्क्यांचं. आई म्हणाली, ‘‘अगं, वय वाढलं तसा हा सुधारला की काय?’’

कार्डावरचा आकडाच आम्ही पाहिला होता. प्रमाणपत्राचा कागद नीट वाचला तेव्हा दिसलं, की दिव्यांगत्वाचा प्रकार म्हणून एकच लिहिलंय: अस्थिव्यंग. म्हणजे हात आणि पाय पाहिले, समजेचं काही पाहिलंच नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, त्या दिवशी हाडांचे एकटेच डॉक्टर आले होते. कायद्यात आता दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, जुन्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. एकवीस प्रकारांची तपासणी एक डॉक्टर एका टेबलावर कशी करणार, हा प्रश्न शिबिर भरवणाऱ्यांना पडला नसावा.

एकाहून जास्त दिव्यांगत्वं असली तर त्यांची नुसती बेरीज होत नाही, एक सूत्र लावतात. मोठ्या टक्केवारीला ‘अ’ म्हणा, लहानीला ‘ब’. नव्वदातून अ वजा करायचा, त्याला ब ने गुणायचं, नव्वदाने भागायचं आणि जे येईल ते अ मध्ये मिळवायचं. नंदूची बौद्धिक अक्षमता सौम्य गटातली धरली तरी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिचे ५० टक्के होतात. अस्थिव्यंगाचे ३५ आम्ही जसेच्या तसे मान्य केले. नव्वदातून पन्नास गेले, चाळीस उरले. चाळीस गुणिले पस्तीस चौदाशे, भागिले नव्वद साडेपंधरा. पन्नासात मिळवले की ६५ च्या वर. हा हिशेब मी अपिलाच्या अर्जातच मांडला. आम्ही डॉक्टरांच्या निदानावर हरकत घेत नव्हतो, अर्धी तपासणी राहून गेली एवढंच दाखवत होतो. कुठल्याही बोर्डाला ‘तुम्ही चुकलात’ हे ऐकणं जड जातं. ‘हे तपासायचं राहिलं’ हे मात्र मान्य करता येतं.

४. बोर्डापुढे माणूस रोज जसा असतो तसाच दिसू द्या.

हे लिहिणं मला अवघड जातं, तरी लिहिते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

आईने नंदूला अपिलातल्या फेरतपासणीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावून भांग पाडला आणि बजावलं, ‘‘डॉक्टर विचारतील त्याला नीट उत्तर दे हं.’’ चाळीस वर्षं ती त्याला चारचौघांत नीट वागायला शिकवत आली आहे. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, ‘‘नंदूभाऊ, दुकानातून सामान आणता?’’ तो म्हणाला, ‘‘आणतो.’’ ‘‘एकटे जाता?’’ ‘‘जातो.’’ ‘‘पैसे मोजता येतात?’’ ‘‘येतात.’’ आईच्या चेहऱ्यावर अभिमान.

मग मी बोलले. तो दुकानात जातो हे खरं, पण आईने चिठ्ठी लिहून दिलेली असते. हातात पाचशेची नोट असो की वीसची, तो ती देतो आणि सुटे परत घ्यायचे असतात हे त्याला ठाऊक नाही. दुकानदार चांगला आहे म्हणून उरलेले पैसे चिठ्ठीत गुंडाळून त्याच्या खिशात घालतो. दुसऱ्या दुकानात पाठवलं तर रिकाम्या हाताने येईल. अंघोळ स्वतः करतो, पण पाणी किती गरम ते त्याला कळत नाही, एकदा पाठ भाजली होती. बाईंनी खिशातून दहाच्या तीन नोटा काढून त्याच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘‘यातले वीस रुपये मला द्या.’’ त्याने तिन्ही नोटा उचलून हसत त्यांच्या हातात दिल्या.

आई बाहेर येऊन बाकावर बसली आणि बराच वेळ माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘त्याच्यादेखत सांगायला नको होतंस.’’ तिचं बरोबर होतं. तेव्हापासून मी लोकांना सांगते, की घरच्याने आधी अशा गोष्टी एका कागदावर लिहाव्यात आणि तो कागद तपासणाऱ्याच्या हातात द्यावा. काय करता येतं, कोणाच्या मदतीने, मदत नसली तर काय होतं. समजेच्या तपासणीत सामाजिक परिपक्वतेची जी चाचणी घेतात, तिचं भारतीय रूपांतर नागपूरच्या डॉ. मालिन यांनी केलेलं आहे. तिच्यातले प्रश्न जेवण, कपडे, पैसे, एकट्याने बाहेर जाणं अशाच गोष्टींचे असतात आणि त्यांची उत्तरं घरच्या माणसाला विचारायची असतात. वाढवून काही सांगू नये, ते लगेच कळतं आणि मग खरं सांगितलेलंही वाया जातं. पण झाकूही नये.

५. अर्ज एका पानात बसवा.

‘मायबाप सरकार’ पासून सुरुवात केलेले, चार-चार पानांचे, डोळ्यांत पाणी आणणारे अर्ज मी पाहिले आहेत. ते वाचायला कोणाला वेळ नसतो. वर विषय आणि संदर्भ: कोणत्या तारखेच्या, कोणत्या क्रमांकाच्या निर्णयाविरुद्ध. मग निर्णयात काय म्हटलंय ते एका वाक्यात. मग ते का बरोबर नाही ते क्रमांक घालून. मग काय हवंय ते: फेरतपासणी, त्यात अमुक तज्ज्ञाचा समावेश, आणि निकाल लेखी. खाली जोडलेल्या कागदांची यादी. आमच्या यादीत जुनं प्रमाणपत्र, लहानपणीच्या झटक्यांवरच्या उपचारांचे कागद, तिसरीत शाळा सुटल्याचा दाखला आणि डेअरीच्या सेक्रेटरींचं एक पत्र होतं. ते पत्र मला सगळ्यात मोलाचं वाटतं. नंदू रोज येतो, पण त्याला हिशेबाचं कोणतंही काम देता येत नाही, एवढाच मजकूर होता. शेजारी, शिक्षक, दुकानदार जे लिहून देतील ते घ्यावं.

६. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आवकचा शिक्का, तारीख, सही, आपल्या प्रतीवर. ‘ठेवून जा, देतो’ म्हणाले तर ठेवू नका, टपालाने पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तरी पोच मिळते. मूळ कागद कोणालाही देऊ नका. यापुढे या विषयावर बोलायला काही नाही.

७. एजंटाला नाही म्हणा, पण कारकुनाला शत्रू मानू नका.

सेतूच्या बाहेर टपरीजवळ उभा असणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. ‘‘ताई, पहिल्या दोन हप्त्यांचं बघा, बाकी माझ्यावर सोडा.’’ तो जे करणार ते म्हणजे तुमचाच अर्ज त्याच खिडकीत देणार. आमच्या गावात एकाला त्याने बनावट प्रमाणपत्रही काढून दिलं होतं. पडताळणीत ते उघड झालं आणि खरोखर पायाने अधू असलेला तो माणूस आता चौकशीला तोंड देतो आहे.

खिडकीच्या आतल्यांबद्दल माझं मत फिरलं. तहसीलच्या संजय गांधी शाखेत एक अव्वल कारकून आणि एक ऑपरेटर, आणि टेबलावर सगळ्या तालुक्याच्या फायली. हयातीचे दाखले, आधार जोडणी, खात्यांची नावं न जुळणं, सगळं त्यांच्याच गळ्यात. मी आवाज चढवला त्या दिवशी काम झालं नाही. ज्या दिवशी कागद क्रमाने लावून, वर यादी डकवून नेले, त्या दिवशी त्या अव्वल कारकुनांनी आपणहून सांगितलं, ‘‘मॅडम, अनुदान समितीच्या बैठकीआधी प्रमाणपत्र आणा, नाहीतर पुढच्या बैठकीवर जाईल.’’ ही तारीख कुठल्याही फलकावर लिहिलेली नव्हती.

कचेरी दादच देत नसेल तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो, त्याच दिवशी जाऊन चालत नाही.

८. सही कोणाची, हे आधी सोडवा.

नंदू सज्ञान आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या सज्ञान माणसाच्या वतीने आईने केलेली सही आतापर्यंत चालत आली म्हणून पुढेही चालेल असं नाही. एखाद्या टेबलावर कोणीतरी विचारतंच, तुम्ही त्याच्या कायदेशीर पालक आहात का? राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी ही सोय आहे. वकिलाची गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. दिव्यांग व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे माहीत नसल्याने लोक दागिने गहाण टाकून वकील लावतात.

९. आई-वडिलांकडेही बघा.

अपील चालू असताना घर कसं चालतं हे कोणत्याही नमुन्यात भरायचं नसतं. आईने किराणा उधारीवर घेतला आणि मला सांगितलं नाही. नंदूची फिटची गोळी एक दिवसाआड द्यायला लागली, तेही सांगितलं नाही. ते मला डब्यातल्या शिल्लक गोळ्या मोजून कळलं. ती गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पण तिथे जाऊन यायचं भाडं तिच्याकडे नव्हतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, नगरपालिकेनेही. अपिलाच्या काळात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे त्यासाठी लेखी अर्ज करावा, निदान औषधाचं निघतं.

१०. मागची बाकी वेगळी मागा.

अपिलात नंदूचं दिव्यांगत्व ६६ टक्के ठरलं, प्रकार बहुविकलांगता. तहसीलने पगार पुन्हा सुरू केला, पण पुढच्या महिन्यापासून. मधल्या महिन्यांचं विचारलं तर पुन्हा तोंडी उत्तर, ‘मागचं मिळत नसतं.’ मी पुन्हा पहिल्या क्रमांकावर आले: लेखी द्या. मिळालं. ‘मागील कालावधीचा लाभ देय नाही’, कुठला नियम, कुठला शासन निर्णय, काहीही न लिहिता.

ते पत्र आता पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात आहे. माझं म्हणणं साधं आहे: पगार अपुऱ्या तपासणीवरून थांबला, माणूस त्या काळातही तितकाच दिव्यांग होता, तर ते पैसे त्याचेच आहेत. राज्य आयुक्तांची शिफारस मान्य नसेल तर संबंधित कार्यालयाला त्याची कारणं तीन महिन्यांत कळवावी लागतात, अर्जदारालाही. शिफारस होईल का, हे सुनावणीत ठरेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २४ मध्ये असंही आहे, की दिव्यांगांना मिळणारं साहाय्य तशाच योजनेत इतरांना मिळणाऱ्या रकमेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावं. २०२३ मध्ये अनुदान १५०० झालं ते विधवा, वृद्ध, दिव्यांग सगळ्यांना सारखंच. दिव्यांगांचं २५०० झालं ते ऑक्टोबर २०२५ पासून. हा कायदा लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये, तेव्हा मधल्या वर्षांचा हिशेब ज्याने त्याने करावा.

लाभार्थींच्या पडताळणीनंतर आमच्या गावच्या यादीत नंदूखेरीज आणखी काही नावांपुढे ‘अपात्र’ लिहिलं गेलं. त्यातल्या बहुतेकांनी कारण विचारलेलं नाही. तुमच्याही गावात अशी यादी असेल. येत्या ग्रामसभेत ती वाचून दाखवायला लावा, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा पहिला अर्ज तुम्ही लिहून द्या.